स्पीकरची वायर: महाग घ्यावी की जाड घ्यावी?



नववीच्या विज्ञानातला 'धाराविद्युत' हा पाठ संपत आला की वर्गातून एक प्रश्न हमखास येतो. "सर, स्पीकरला भारीतली वायर लावली तर आवाज खरंच भारी येतो का?" विचारणाऱ्याच्या घरी किंवा शेजारी कुणाची तरी साऊंड सिस्टीम असते. दुकानदाराने किंवा मोबाईलवरच्या एखाद्या व्हिडिओने त्याला सांगितलेले असते की साधी लाल-काळी वायर आवाज 'खाते' आणि चांदीचा मुलामा दिलेली, जाड जाळीदार कव्हरची वायर आवाज 'मोकळा' करते.

आज हाच प्रश्न घेऊ. याला कारणही आहे. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात स्पीकर ही केवळ हौसेची वस्तू नाही. अखंड हरिनाम सप्ताह, गणेशोत्सव, यात्रा, शाळेचे स्नेहसंमेलन, ग्रामसभा अशा सगळ्या ठिकाणी तो लागतो आणि बहुतेक वेळा तो वर्गणीतून किंवा देणगीतून आलेला असतो. पाचशे घरांतून गोळा केलेला पैसा वायरीच्या चकचकीत कव्हरवर घालवायचा की आणखी एक स्पीकर घ्यायचा, हे ठरवणाऱ्या मंडळात उद्या तुमच्यापैकीच कुणीतरी बसणार आहे. तेव्हा हिशोब आधीच शिकून ठेवा.

बोअरच्या केबलपासून सुरुवात करू

पारनेर, पाथर्डी, जामखेड भागातल्या मुलांना हे सांगायची गरज नाही, तरी सांगतो. बोअर खोल गेला की मोटारीची केबल लांब होते. केबल बारीक असेल तर वर स्टार्टरपाशी व्होल्टेज बरोबर दिसते, पण खाली मोटारीपर्यंत ते कमी पोचते. मोटार गरम होते, कधी जळते. म्हणून केबल घ्यायला गेलेला शेतकरी दोनच गोष्टी विचारतो: किती एमएमची आहे आणि तांब्याची आहे की अॅल्युमिनियमची? "या केबलने पाणी गोड लागेल का?" असे तो कधी विचारत नाही.

स्पीकरची वायर हेच काम करते. अॅम्प्लिफायरमधून निघालेली विद्युतधारा स्पीकरच्या कॉइलपर्यंत नेऊन परत आणायची. वाटेत वायरीचा रोध आडवा येतो. हा रोध किती, हे तुमच्या पुस्तकातल्या सूत्रावरून काढता येते: वायरीची लांबी जितकी जास्त तितका रोध जास्त, जाडी म्हणजे काटछेदाचे क्षेत्रफळ जितके जास्त तितका रोध कमी, आणि उरलेली गोष्ट धातूची, म्हणजे रोधकतेची. तांब्याची १ मीटर लांब आणि १ चौरस मिमी जाड तार घेतली तर तिचा रोध साधारण ०.०१७२ ओहम भरतो. एवढा एक आकडा लक्षात ठेवा, पुढचे सगळे गणित त्यावरच आहे.

दुकानात अजूनही वायर मागताना '२३/७६' किंवा '४०/७६' म्हणायची पद्धत आहे. तिचा अर्थ अनेकांना माहीत नसतो. ४०/७६ म्हणजे आत ४० बारीक तारा आणि प्रत्येक तारेचा व्यास ०.००७६ इंच, म्हणजे ०.१९ मिमीच्या आसपास. हिशोब केला तर २३/७६ ची जाडी ०.६७ चौ. मिमी होते, ४०/७६ ची १.१७ आणि ७०/७६ ची साधारण २.०५ चौ. मिमी.

आता शाळेच्या मैदानाचे गणित

समजा, शाळेच्या ऑफिसात अॅम्प्लिफायर आहे आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, ६० मीटरवर, ८ ओहमचा एक स्पीकर लावायचा आहे. धारा जाते आणि परत येते, म्हणून वायरीची लांबी १२० मीटर धरायची. (परीक्षेत निम्मी मुले इथेच चुकतात. एकेरी लांबी धरतात आणि उत्तर निम्मे येते.)

२३/७६ वापरली तर रोध येतो सुमारे ३.०८ ओहम. म्हणजे अॅम्प्लिफायरपुढे आता एकूण ८ अधिक ३.०८, असा ११.०८ ओहमचा रोध झाला. विभवांतर या दोघांत वाटले जाते. स्पीकरच्या वाट्याला ७२ टक्के येते. शक्ती विभवांतराच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून वायर नसती तर स्पीकरला जी शक्ती मिळाली असती तिच्या फक्त ५२ टक्के मिळते. राहिलेले कुठे गेले? काही वायर गरम करण्यात गेले आणि काही अॅम्प्लिफायरने दिलेच नाही, कारण एकूण रोध वाढल्याने धाराच कमी झाली.

आता त्याच अंतरावर ७०/७६ टाका. रोध १ ओहमच्या जवळ येतो आणि स्पीकरला जवळपास ७९ टक्के शक्ती मिळते. धातू तोच, तांबे. फक्त जाडी तिप्पट केली.

आणि चांदी? चांदी हा सर्वांत उत्तम वाहक, हे पुस्तकात आहे आणि खरेही आहे. पण तांब्यापेक्षा तिची रोधकता किती कमी आहे? अवघी सहा-सात टक्के. २३/७६ एवढ्याच जाडीची शंभर नंबरी चांदीची वायर १२० मीटर ओढली (ओढणार कोण म्हणा!) तर स्पीकरला ५२ ऐवजी ५४ टक्के शक्ती मिळेल. तेच काम तांब्याची तार किंचित जाड घेऊन होते. नुसता चांदीचा मुलामा असेल तर तेवढाही फरक नाही, कारण आतली बहुतेक तार तांब्याचीच असते. 'ऑक्सिजन-फ्री कॉपर' लिहिलेल्या वायरीचेही तसेच. विजेच्या वायरीचे तांबे मुळातच शुद्ध करून घेतलेले असते. त्याहून शुद्ध केले तर रोधकतेत एखाद्या टक्क्याचा फरक पडतो.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. शक्ती निम्मी झाली म्हणजे आवाज निम्मा ऐकू येतो असे नाही. आपला कान तसा मोजत नाही. शक्ती निम्मी झाली की आवाज ३ डेसिबलने उतरतो. उघड्या मैदानात स्पीकरपासून १० मीटरवर बसलेला मुलगा १४ मीटरवर सरकून बसला तर जेवढा फरक पडेल तेवढाच हा. जाणवतो, पण आभाळ कोसळत नाही.

मग घरातल्या स्पीकरचे काय?

घरी अंतर किती असते? फार तर ५ मीटर. जाऊन-येऊन १० मीटर. २३/७६ चा रोध होतो ०.२६ ओहम आणि ४०/७६ चा ०.१५ ओहम. या दोन वायरींच्या आवाजातला फरक काढला तर तो ०.१२ डेसिबलच्या आसपास येतो. आवाजाच्या पातळीतला साधारण १ डेसिबलचा बदल कानाला कळतो. अगदी शांत खोलीत, लागोपाठ ऐकवले तर त्याहून थोडा कमीही कळेल. ०.१२ हा आकडा त्याच्या पुष्कळ खाली आहे. आणि हा फरक दोन स्वस्त वायरींमधला आहे बरं का. ४०/७६ आणि तिच्याच जाडीच्या दसपट किमतीच्या वायरीत तर तेवढाही नाही.

पण थांबा. "वायरीने आवाजात काहीच फरक पडत नाही" असे पाठ करून जाऊ नका, कारण तेही चूक आहे. स्पीकरवर ८ ओहम लिहिलेले असते ते सरासरीचे नाव समजा. खरे तर त्याचा रोध प्रत्येक स्वराला बदलतो. काही वारंवारतेला तो ६ ओहम असेल, काही वारंवारतेला ३० सुद्धा. मल्टिमीटर लावून बघा, ८ ओहमच्या स्पीकरवर तो बहुधा ६ च्या आसपास दाखवेल. वायर बारीक आणि लांब असली की जिथे स्पीकरचा रोध कमी आहे ते स्वर जास्त उतरतात, जिथे जास्त आहे ते कमी उतरतात. मैदानावरच्या आपल्या ३.०८ ओहमच्या वायरीत हा फरक पावणेतीन डेसिबलपर्यंत जातो. म्हणजे आवाज नुसता लहान होत नाही, त्याचा पोतही बदलतो. गाणे जरा वेगळेच वाटते. वायर बदलल्यावर "आवाज सुधारला" म्हणणारा माणूस नेहमी खोटे बोलत असतो असे नाही. त्याची आधीची वायर फार बारीक असेल तर सुधारणा खरी असते. ती जाडीमुळे होते, तो श्रेय किमतीला देतो.

दुकानात आणखी काही शब्द कानावर येतात, ते झटपट उरकू. 'स्किन इफेक्ट' म्हणजे उच्च वारंवारतेची धारा तारेच्या पृष्ठभागालगत वाहते, ही गोष्ट खरी. पण कानाला ऐकू येणाऱ्या सर्वांत वरच्या, २०,००० हर्ट्झलाही तांब्यात तिची खोली सुमारे ०.४७ मिमी असते. आपल्या ४०/७६ चा सगळा पीळ धरला तरी त्याची त्रिज्या त्याहून फार मोठी नाही. म्हणून इथे तिची चिंता नको. काही वायरींवर दिशेचा बाण छापलेला असतो. स्पीकरमधली धारा प्रत्यावर्ती असते. १००० हर्ट्झच्या स्वराला ती सेकंदात २००० वेळा दिशा बदलते. मग बाणाने कुठली दिशा दाखवायची?

कान फसतो, म्हणून डोळे झाका

गणित झाले. तरी कुणी म्हणेल, "सर, गणित राहू द्या, मी माझ्या कानांनी ऐकलंय." हा आक्षेप हसण्यावारी न्यायचा नाही. विज्ञानात ऐकलेले, पाहिलेले हाच पुरावा असतो. फक्त तो घ्यायची रीत आहे.

अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या अखेरीस 'मॉन्स्टर केबल' या नावाने जाड, महाग स्पीकर-वायर विकायला सुरुवात झाली आणि हा वाद पेटला. 'स्टिरिओ रिव्ह्यू' या मासिकात ऑगस्ट १९८३ मध्ये लॉरेन्स ग्रीनहिल यांनी एक चाचणी प्रसिद्ध केली. तीन वायरी होत्या: मॉन्स्टर, टेबल-लॅम्पला लावतात तसली १.३ चौ. मिमीची साधी वायर आणि स्पीकरबरोबर फुकट मिळणारी ०.२ चौ. मिमीची अगदी बारीक वायर. ऐकणाऱ्यांना कोणती वायर चालू आहे ते सांगितलेले नव्हते. निष्कर्ष काय निघाला? संगीत ऐकताना मॉन्स्टर आणि लॅम्पची वायर यांत श्रोत्यांना फरक करता आला नाही. बारीक वायर मात्र त्या दोघींच्या मागे पडली. आपल्या गणिताशी ताडून पाहा.

पुढे २००७ मध्ये जेम्स रँडी या जादूगाराने, जो चमत्कारांचे दावे तपासण्यासाठी प्रसिद्ध होता, ७,२५० डॉलर किमतीच्या एका स्पीकर-वायरीवर आपले दहा लाख डॉलरचे बक्षीस लावले. साध्या वायरीपासून ती कानाने ओळखून दाखवा आणि पैसे न्या. बोलणी बरीच झाली, चाचणी काही झाली नाही.

आपण ही चाचणी शाळेत करू शकतो. स्पीकर एकच, गाणे एकच, आवाजाचे बटण एकाच जागी. वायर बदलणारा विद्यार्थी पडद्याआड. त्याने प्रत्येक वेळी नाणे उडवायचे: छापा आला तर महाग वायर, काटा आला तर साधी. ऐकणाऱ्यांनी कागदावर लिहायचे, एकमेकांच्या तोंडाकडे बघायचे नाही. वायर बदलणाऱ्याच्या चेहऱ्यावरून मुले बरोबर ओळखतात, म्हणून पडदा हवाच. असे दहा वेळा करायचे.

आता यातली खरी गंमत. ज्याला काहीही कळत नाही, जो नुसता ठोकून देतो, त्याचीही दहापैकी पाच उत्तरे सरासरीने बरोबर येणार. आठ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता किती? एकूण १०२४ शक्यतांपैकी ५६, म्हणजे साडेपाच टक्के. वर्गात ४० मुले असतील तर निव्वळ नशिबाने दोघांची आठ-नऊ उत्तरे बरोबर यायचीच! मग ती दोन मुले शाळाभर मिरवणार, "आम्हाला फरक कळतो". त्यांना खोटे ठरवू नका. त्या दोघांनाच पुन्हा बसवा आणि परत दहा वेळा ऐकवा. कान खरेच तयार असेल तर दुसऱ्यांदाही आठ येतील. नशीब असेल तर पाचावर येऊन टेकेल. जाहिरातीत छापलेले "माझा अनुभव" असे अभिप्राय वाचताना हे दोन विद्यार्थी आठवा. बाकीच्या ३८ जणांचा अनुभव कुणी छापत नाही.

आणखी एक खबरदारी. दोन वायरींनी आवाजाच्या पातळीत किंचित फरक पडत असेल तर आधी तो जुळवून घ्या. जरासा मोठा आवाज कानाला 'मोठा' वाटत नाही, 'मोकळा' आणि 'स्पष्ट' वाटतो. दुकानातल्या तुलनेत नेमके हेच होऊ शकते.

सप्ताहाच्या मंडपात काय करतात?

सराला बेटाचा गंगागिरी महाराजांचा सप्ताह दरवर्षी वेगळ्या गावी भरतो आणि लाखो माणसे येतात. अशा मंडपात शेवटच्या माणसापर्यंत कीर्तन पोचवायचे तर वायर शेकडो मीटर ओढावी लागते. तिथे ८ ओहमच्या हिशोबाने तांबे जाड करत गेलो तर वर्गणी वायरीतच संपेल. यावरचा जुना उपाय म्हणजे १०० व्होल्टची लाईन. अॅम्प्लिफायरचे विभवांतर वाढवायचे, म्हणजे तेवढ्याच शक्तीला धारा कमी लागते, आणि प्रत्येक भोंग्यापाशी एक छोटा ट्रान्सफॉर्मर बसवून ते उतरवायचे. ३० वॉटचा भोंगा या लाईनला ३३३ ओहमसारखा दिसतो. आपली तीच २३/७६ वायर, तेच ६० मीटर, तोच ३.०८ ओहम रोध, पण आता ३३३ ओहमपुढे तो काहीच नाही. भोंग्याला ९८ टक्के शक्ती मिळते. महावितरण ११ केव्हीने वीज गावापर्यंत आणून डीपीवर उतरवते, तीच ही युक्ती. मात्र १०० व्होल्टच्या उघड्या टोकांना हात लावायचा नाही, झटका बसतो.

वायर घेताना फसवणूक होते ती वेगळ्याच ठिकाणी. अॅल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा पातळ थर दिलेली वायर 'कॉपर' म्हणून गळ्यात मारली जाते. अॅल्युमिनियमचा रोध तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या दीडपटीहून जास्त. एक तार ब्लेडने खरवडून बघा, आत पांढरी दिसली की समजा. तांबे वजनालाही चांगलेच जड असते. शिवाय सैल स्क्रू, काळी पडलेली टोके, तिडा घालून चिकटपट्टी मारलेले जोड यांनी जेवढा आवाज बिघडतो तेवढा कुठल्याच सलग वायरीने बिघडत नाही.

आणि हो, हे सगळे स्पीकरच्या वायरीबद्दल. माईकच्या वायरीला लावू नका. माईकमधून येणारा संकेत फार दुबळा असतो, शेजारून विजेची लाईन गेली की त्यात घुंई शिरते. तिथे जाळीचे कवच असलेली चांगली वायरच हवी आणि तिला थोडे जास्त पैसे गेले तर जाऊ द्या.

करून पाहा

मल्टिमीटर एवढा छोटा रोध नीट मोजत नाही. म्हणून दुसरी रीत वापरा. मोटारसायकलची १२ व्होल्टची बॅटरी आणि ३५ वॉटचा हेडलाईटचा बल्ब घ्या. बल्बकडे जाणारी धारा तपासायच्या वायरीतून न्या. १० मीटर जोडवायर असेल तर तिची एका बाजूची दोन टोके जोडून २० मीटरची एकच तार करा. मल्टिमीटर आधी धारेच्या १० अँपिअरच्या खाचेत लावून धारा मोजा, मग विभवांतरावर आणून वायरीच्या दोन टोकांमधले विभवांतर मोजा. भागाकार केला की रोध मिळाला. १ चौ. मिमीच्या खऱ्या तांब्याच्या वायरीला तो ०.३४ ओहमच्या जवळ यायला हवा. शिक्षक सोबत असतानाच करा आणि घरच्या २३० व्होल्टच्या सॉकेटजवळ हा प्रयोग अजिबात नको.

पुढच्या तासाला वहीत हे दोन सोडवून आणा:

१) देवळातला अॅम्प्लिफायर आणि चावडीवरचा ८ ओहमचा स्पीकर यांत ४० मीटर अंतर आहे. २३/७६ आणि ४०/७६ यांपैकी प्रत्येकीने स्पीकरला किती टक्के शक्ती मिळेल?

२) घरातली किंवा शेजारची कुठलीही एक वायर घ्या. पाकिटावर किंवा कव्हरवर लिहिलेली जाडी आणि प्रयोगातून मिळालेल्या रोधावरून काढलेली जाडी जुळते का? जुळत नसेल तर कारण काय असेल, ते चार ओळींत लिहा.